दूर हाय अजून

एसटी थांबते, दार उघडतं आणि नऊवारीतली एक आजी पिशवी सावरत खाली उतरते. सोबत आठ वर्षांची नात. घर रस्त्याच्या पलीकडे. बस निघून जाते, धूर विरतो आणि डाव्या हाताला रस्त्याच्या टोकाशी एक पांढरी कार दिसते. आजी कपाळावर हात धरून एकदा पाहते, ‘दूर हाय अजून, चाल लवकर’ म्हणते आणि नातीचं मनगट पकडून रस्त्यावर पाऊल टाकते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात, मेहकर-खामगाव रस्त्यावर जानेफळ आहे. हाच रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी म्हणून ओळखला जातो. लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव, शेगाव असा तो जातो. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली, कापसाचा ट्रक, शेगावला दर्शनाला निघालेल्या गाड्या, तिघं बसलेली मोटारसायकल आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, सगळ्यांना हाच एक रस्ता. इथे सिग्नल नाही. रस्ता कधी ओलांडायचा हे प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं.

आजीचं ते वाक्य नीट ऐका. तिला खरं तर जाणून घ्यायचं होतं की आपल्याजवळ वेळ किती आहे. तिनं स्वतःला दिलेलं उत्तर मात्र अंतराचं आहे. रस्ता ओलांडताना होणाऱ्या अपघातांचं मोठं कारण या अदलाबदलीत दडलेलं आहे, आणि त्यात आजीचा दोष नाही. सगळ्या माणसांचा डोळा असाच चालतो.

आधी गरज किती वेळाची ते पाहू. दोन पदरी महामार्गाचा मुख्य भाग ७ मीटरचा असतो. दोन्ही बाजूंच्या पक्क्या साइडपट्ट्या धरल्या की रुंदी १० मीटर होते. रस्ते आणि सिग्नल आखताना माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. या चालीनं १० मीटरला ८ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण हातात पिशवी, गुडघे दुखरे आणि सोबत लेकरू असेल तर सेकंदाला ०.८ मीटर हीच खरी चाल. मग साडेबारा सेकंद. पाहणं, ठरवणं आणि पहिलं पाऊल उचलणं यात आणखी दीड सेकंद जातो. म्हणजे आजीला १४ सेकंद हवेत. वाहतुकीच्या शास्त्रात या मोकळ्या वेळाला ‘गॅप’ म्हणतात, आणि एखाद्याला कमीत कमी जेवढी गॅप पुरते ती त्याची निर्णायक गॅप.

आता ती पांढरी कार २०० मीटरवर आहे असं धरा. ताशी ४० किलोमीटरनं येत असेल तर ती सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे पोचायला १८ सेकंद. आजी आणि नात तोवर पलीकडे पोचून चार पावलं पुढे गेलेल्या असतील. तीच कार ताशी ८० नं येत असेल तर ९ सेकंदांत पोचते. त्यातला दीड सेकंद निघण्यात गेला, उरलेल्या साडेसात सेकंदांत आजी ६ मीटर चालली. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे डाव्या हातानं येणारी गाडी पलीकडच्या पदरात असते. ६ मीटरवर आजी नेमकी त्याच पदरात पाऊल टाकत असते. दोन्ही वेळा अंतर तेच होतं, पाहणारे डोळेही तेच होते आणि ‘दूर हाय’ हे वाक्यही दोन्ही वेळा खरंच होतं.

मग डोळ्याला वेग कळत नाही का? कळतो, पण आपण समजतो तसा नाही. बाजूनं जाणाऱ्या गाडीचा वेग आपण झाडं-खांब मागे पडताना पाहून चांगला ओळखतो. समोरून थेट आपल्या दिशेनं येणारी गाडी मात्र जागची हलत नाही, फक्त मोठी होत जाते. त्या मोठं होण्यातूनच मेंदूला सारं काढावं लागतं. एडिनबरा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये यामागचं सुंदर गणित मांडलं. गाडीचं डोळ्यातलं आत्ताचं आकारमान घ्या आणि दर सेकंदाला ते जेवढं वाढतं त्यानं भागा, की टक्कर व्हायला उरलेले सेकंद मिळतात. आकार एक अंश असेल आणि सेकंदाला अंशाच्या पाचव्या हिश्शानं वाढत असेल, तर ५ सेकंद. अंतर माहीत नको, वेग माहीत नको. ली यांनी या राशीला ‘टाउ’ हे ग्रीक अक्षर दिलं.

मराठी वाचकाला या गणिताची एक जवळची ओळख आहे. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉएल यांनी १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञानकादंबरी लिहिली. त्यात सूर्यमालेकडे येणारा प्रचंड ढग खगोलशास्त्रज्ञांना दिसतो. काही आठवड्यांच्या अंतरानं घेतलेल्या छायाचित्रांत तो किती फुगला हे मोजून, ढग किती दूर आहे हे ठाऊक नसतानाही, तो कधी पोचेल हे ते काढतात. जानेफळच्या रस्त्याकडेला उभी असलेली आजी तेच गणित करू पाहत असते, तेही वहीपेन्सिलीशिवाय.

उडता झेल घेताना, खो-खोत पाठलाग चुकवताना, कबड्डीत चढाईवाल्याचा हात टाळताना आपण हे गणित बिनचूक करतो. तिथं वस्तू जवळ असते आणि तिचा आकार झपाट्यानं वाढत असतो. महामार्गावर ती दूर असते आणि अडचण इथेच येते. वाढ फार मंद असेल तर डोळ्याला ती दिसतच नाही. प्रयोगांमधून आलेला ढोबळ आकडा असा, की सेकंदाला साधारण अंशाच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी वाढ माणसाच्या लक्षात येत नाही. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे एका सेकंदात चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी तरी वाढ झाली पाहिजे, तेव्हा कुठं ‘ही येतेय’ असं आतून जाणवतं.

या मर्यादेनं हिशेब करून पाहिला आणि मी स्वतः चरकलो. १.८ मीटर रुंदीची कार ताशी ४० नं येत असेल तर तिचं मोठं होणं सुमारे ८० मीटरवर जाणवायला लागतं, आणि तेव्हा हातात ७ सेकंद असतात. ताशी ६० असेल तर १०० मीटरवर, हातात ६ सेकंद. ताशी ८० असेल तर ११५ मीटरवर, आणि हातात जेमतेम ५ सेकंद. गाडी जितकी वेगवान, तितकी ती आधी जाणवायला हवी होती. घडतं उलट. आजीला निर्णय घ्यायला १४ सेकंद आधीची खबर हवी आहे. ताशी ८० वेगात १४ सेकंद म्हणजे ३०० मीटरच्याही पलीकडे. तिथं ती कार चंद्राहून लहान दिसते आणि तिची वाढ डोळ्याच्या मर्यादेच्या सातव्या हिश्शाइतकीही नसते. त्या अंतरावरची प्रत्येक गाडी माणसाच्या डोळ्याला उभीच भासते.

म्हणून मग मेंदू हाताशी असलेलं एकच माप वापरतो: अंतर. फ्रान्समधले लोब्जुआ आणि काव्हालो यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना चित्रपटासारख्या पडद्यावर येणाऱ्या गाड्या दाखवून विचारलं, आता ओलांडाल का? गाडीचा वेग वाढवला की लोक कमी सेकंदांची गॅपही पुरेशी समजू लागले, कारण तेवढ्याच सेकंदांत वेगवान गाडी जास्त दूर दिसते. वयस्कर माणसांत हे जास्त आढळलं.

मोटारसायकलचं आणखी वाईट. समोरून तिची रुंदी पाऊण मीटर. ताशी ६० नं येणारी दुचाकी जाणवते ती ६५ मीटरवर, हातात ४ सेकंद असताना. शिवाय मोठी वस्तू लवकर पोचेल आणि लहान वस्तू उशिरा, असा भास माणसाला मुळातच होतो. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया डीलुशिया यांनी १९९१ मध्ये तो प्रयोगानं दाखवला. ट्रक दिसला की आपण थांबतो, त्याच अंतरावर त्याच वेगात दुचाकी असली तर निघतो. गावातल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वाहनं कोणती, हे सांगायला नको.

रात्री तर डोळ्याचं हे एकच हत्यारही बोथट होतं. कारचे दोन दिवे एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात, त्यावरून थोडा अंदाज येतो. एकट्या दिव्याला सरकायला जोडीदार नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की प्रकाश कमी होत गेला तसा एका दिव्याच्या मोटारसायकलच्या वेगाचा अंदाज बिघडत गेला, आणि मूळ दिव्याला आणखी दोन छोटे दिवे देऊन त्रिकोण केला की अंदाज सुधारला. आता आपल्याकडची गोष्ट घ्या. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर अंधारातून येतो तेव्हा तो लांबची मोटारसायकल वाटतो, आणि रिफ्लेक्टर नसलेली त्याची ट्रॉली तर दिसतच नाही. ट्रॅक्टरमालकांनो, तो बल्ब काही रुपयांचा आहे. सुगी सुरू व्हायच्या आधी बदला.

सवयीचीही एक बाजू आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. फ्रान्समध्ये रस्त्यावर दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडी येताना पक्षी किती अंतरावर उडतात हे मोजलं, तेव्हा ज्या रस्त्याची वेगमर्यादा जास्त तिथले पक्षी लवकर उडत होते. समोरची गाडी प्रत्यक्षात हळू आहे की जोरात, याचा त्यावर परिणाम दिसला नाही. पक्ष्यांनी गाडीचा वेग ओळखला नव्हता, त्या रस्त्याचा स्वभाव शिकून घेतला होता. आपणही तेच करतो. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्याच्या अंगात त्या रस्त्याचा वेग मुरलेला असतो: कार त्या बाभळीपाशी असली तर जायचं, अलीकडे आली तर थांबायचं. मग एक दिवस रस्ता रुंद होतो, खड्डे जातात, गुळगुळीत सिमेंट येतं. विदर्भातल्या कितीतरी गावांनी गेल्या काही वर्षांत हे पाहिलं. गाड्यांचा वेग बदलतो, बाभळीची खूण तीच राहते. चांगला रस्ता हवाच, पण तो देताना गावाच्या डोळ्यांना पुन्हा शिकायला लागेल हे कुणी धरत नाही.

चालकाच्या डोळ्यालाही सवय चकवते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तिथं कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. मेहकरजवळ उतरून खामगाव-शेगावकडे वळणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत तो वेग अजून मुरलेला असतो. दीर्घकाळ वेगात राहिलेल्या माणसाला ताशी ७० म्हणजे रांगणं वाटतं, हे प्रयोगांनी पक्कं झालेलं आहे. त्यानं मीटरकडे पाहिलं तरच खरं कळतं.

नातीकडे येऊ. रॉयल हॉलोवेच्याच जॉन वान, डेमियन पोल्टर आणि कॅथरीन पर्सेल यांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांचे डोळे तपासले. गाडी पाच सेकंदांवर असताना ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येत असेल, तर या वयाच्या मुलांना तिचं येणं खात्रीनं ओळखता येत नाही, असं त्यात आढळलं. इथं लक्ष देण्याचा किंवा शहाणपणाचा प्रश्न नाही, मुलाच्या दृष्टीची ती क्षमता अजून पिकलेली नसते. ‘नीट बघून जा’ हे आपण मुलांना रोज सांगतो. मूल नीट बघतं, आणि त्याला गाडी उभी दिसते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जोडी प्लुमर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांना आभासी रस्त्यावर सायकल चालवायला दिली. त्यांनी गॅप मोठ्यांसारख्याच निवडल्या, पण निघायला उशीर केला, म्हणून पलीकडे पोचताना त्यांच्या हातात मोठ्यांपेक्षा कमी वेळ उरला. पाहणं आणि पाऊल उचलणं यांची सांगड मुलांत उशिरा बसते.

घोळक्यात आणखी एक गोष्ट घडते. आठवडी बाजार सुटला की दहा-पंधरा जण एकदम रस्त्याच्या कडेला उभे राहतात. एकजण निघतो, आणि त्याच्या शेजारचा गाडीकडे न पाहता त्याच्याकडे पाहून निघतो. इंग्लंडमधल्या २०१० च्या एका अभ्यासात शेजारचा माणूस निघाला की आपण निघण्याची शक्यता दीड ते अडीच पटीनं वाढलेली दिसली. पहिल्या माणसाची गॅप पुरेशी होती, दुसऱ्याची कदाचित होती, चौथ्याची नव्हतीच. अशा वेळी काहीजण मध्येच मागं फिरतात, आणि चालकाला सगळ्यात अवघड जाते ती ही धरसोड.

आपल्याकडे रस्ता एका दमात फार कमी लोक ओलांडतात. मुंबई आयआयटीतल्या संशोधकांनी हैदराबादच्या रस्त्यावर चित्रीकरण करून पादचाऱ्यांचा बारकाईनं अभ्यास केला, तो २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात लोक सरळ मोठी गॅप मिळण्याची वाट न पाहता एकेका पदरातली छोटी गॅप साधत, चाल कमी-जास्त करत सरकत जातात, हे दिसलं. याला ‘रोलिंग गॅप’ म्हणतात. मधल्या पांढऱ्या रेषेवर उभं राहून एक हात गाडीच्या दिशेनं वर करणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय, आपण स्वतःही तो झालोय. त्या हाताला वेड्यात काढू नका. चीनमधल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताची स्पष्ट खूण केल्यावर वेग कमी करणाऱ्या चालकांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पण हा आधार चालकाच्या मर्जीवरचा आहे, आणि मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंनी ट्रक जात असताना आजीनं उभं राहावं अशी अपेक्षा कोणत्याही रस्त्यानं करू नये.

वर्षातून एकदा मात्र या रस्त्यावरचा क्रम पुरता उलटा होतो. आषाढीनंतर पंढरपूरहून परतणारी संत गजानन महाराजांची पालखी मेहकर, जानेफळ, शिर्ला नेमाने, आवार, खामगाव अशी शेगावला जाते. शेकडो वारकरी रांगेनं चालतात, आणि गाड्या थांबून पायी माणसाला वाट देतात. त्या दिवशी गॅप शोधायचं काम चालकाकडे असतं.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. अशा अपघातानंतर गावात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘बघून नाही का चालायचं’. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. धावत्या जनावराच्या वेगासाठी घडलेला डोळा ताशी ८० किलोमीटरच्या गाडीपुढे उभा केला तर तो चुकणारच. बदलण्यासारखी गोष्ट वेग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार कारची धडक ताशी ५० ऐवजी ६५ नं बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथं माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथं वेग ताशी ३० पर्यंत आणा, असं आवाहन आहे. ताशी ३० नं येणारी कार २०० मीटरवर असेल तर आजीला २४ सेकंद मिळतात.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक बसवायला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय राजी नसतं, पण तो एकच उपाय नाही. गावाच्या वेशीपासून रस्ता अरुंद भासेल अशी आखणी, आवाज करणारे रंबलर पट्टे, पुरेसा उजेड आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे दुभाजकात दोन माणसं निवांत उभी राहतील एवढी जागा. ती मिळाली तर आजीला १० मीटर एकदम चालावे लागत नाहीत, पाच-पाच मीटर दोनदा चालायचे. १४ ऐवजी ८ सेकंदांची गॅप पुरते, आणि एका वेळी एकाच बाजूला पाहावं लागतं. ग्रामसभेत मागणी करायची तर ही करा, जागा नेमकी दाखवून करा.

तोवर आपल्या हातात थोडंफार आहे. एसटीच्या पुढून कधीही ओलांडू नका, ती जाऊ द्या, कारण ती तुमच्यापासून सगळा रस्ता लपवते. गाडी किती दूर आहे हे न पाहता मनात एक, दोन, तीन असे आकडे मोजून पाहा: ती एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती आकड्यांत आली? चार-पाच दिवस कडेला उभं राहून हे केलं की आपल्या गावच्या रस्त्याचा आजचा वेग अंगात उतरतो.

आणि शिक्षकांना एक विनंती. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी एक साधी युक्ती वापरली होती. खऱ्या रस्त्याच्या बाजूला, त्याला समांतर, तेवढ्याच रुंदीचा एक खोटा रस्ता आखला. मूल खऱ्या रस्त्यावरच्या गाड्या पाहायचं, ‘आता’ वाटलं की खोटा रस्ता ओलांडायचं, आणि ते पलीकडे पोचायच्या आधी खरी गाडी समोरून गेली का हे लगेच कळायचं. चूक झाली तर कुणाला इजा नाही, पुन्हा करायचं. जानेफळसारख्या गावात शाळेचं मैदान रस्त्याकडेला असेल, तर कुंपणाच्या आत हे उद्याच करता येईल. कबड्डीचं मैदान आखतो तसे फक्कीचे दोन पट्टे, मध्ये १० मीटर टेपनं मोजून, आणि आठवड्यातला एक तास. आजीलाही बोलवा.